नरेंद्रच्या कढत अंघोळी

४ मे, रविवार

नरेंद्रने आज पाचव्यांदा अंघोळ केली. कढत पाण्याने! पारा त्रेचाळीसवर, दुपारी आमच्या अनसिंगच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही — आणि माझा धाकटा दीर न्हाणीचं दार लावून वाफाळतं पाणी अंगावर ओतून घेतो आहे. सासूबाई चुलीवर पाण्याचे गंजामागून गंज चढवतात आणि पदराने वारा घेत ओरडतात, "माणूस हाय का बटाटा? शिजून राह्यला नुसता!"

दिवाळीपासूनची ही आठवी खेप. पहाटे मळमळ, मग उलट्या, तीन-चार दिवस पोटात पाणीही ठरत नाही. मग दोन-तीन आठवडे बरा. मग पुन्हा तेच. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा चौदा किलोंनी उतरला. वाशीमला दोनदा सलाईन लागलं. रक्त ठीक, जठर ठीक. सोनोग्राफीत मात्र पित्ताशयात एक बारीक खडा दिसला, म्हणून अकोल्याच्या सर्जननी पित्ताशय काढायचं ठरवलं आहे. तारीख २६ मे. घरात सगळ्यांनाच हायसं वाटलं — कारण सापडलं! मलाही वाटलं.

एकच गोष्ट बसत नाही. पित्ताशयाचा आणि गरम पाण्याचा संबंध काय?

५ मे, सोमवार

मोजल्या. सहा अंघोळी. पाणी अंगावर असेपर्यंत मळमळ नाही. अंग पुसलं की दहा मिनिटांत पुन्हा सुरू. वेळा लिहून ठेवल्या आहेत.

७ मे, बुधवार

सापडलं! निदान, सापडल्यासारखं वाटतं आहे.

दोन दिवस जुनी टिपणं आणि नवे शोधनिबंध वाचत होते. वर्षानुवर्षं रोज गांजा ओढणाऱ्या काही माणसांना — सगळ्यांना नाही, थोड्यांनाच — फेऱ्याफेऱ्यांनी उलट्यांचा आजार जडतो. तपासण्यांत काही निघत नाही. आणि त्याची सर्वांत चमत्कारिक खूण ही, की त्यांना कढत पाण्याच्या अंघोळीने बरं वाटतं. रुग्ण दिवसाचे तासन्‌तास न्हाणीत काढतात! ते वाक्य वाचलं आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवून एकोणीस वर्षं झाली. असा आनंद फार थोड्या वेळा झाला. मग लगेच लाज वाटली. हा धडा नाही, नरेंद्र आहे.

आणि विचारायचं कसं? देवमन बाबांच्या मुलाला! माझे सासरे अठ्ठावीस वर्षं रोज संध्याकाळी विहारात पंचशील म्हणवून घेतात. पाचवं शील नशेबद्दल. गावातली माणसं दारू सोडताना त्यांच्यासमोर हात जोडून सोडतात.

सतीशला सांगितलं. नवरा या नात्याने त्याने ऐकून घेतलं, भाऊ या नात्याने भडकला. "नऱ्या? गांजा? तुले सगळीकडं अभ्यासक्रमच दिसते, सुकेशनी. तू मास्तरीण हाय, डॉक्टर नाई."

बरोबर आहे. डॉक्टर नाही. म्हणूनच आधी विचारायचं.

९ मे, शुक्रवार

नरेंद्रच्या दुकानात गेले. तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देतो. तांब्याची तार अशी सरळ बसवतो की माझ्या विद्यार्थ्यांच्या आकृत्यांना लाज वाटावी. गिऱ्हाईक नव्हतं. मी स्टूल ओढून बसले आणि तयारी करून आणलेले प्रश्न क्रमाने विचारू लागले. उलट्या कधीपासून. गरम पाणी कसं सुचलं. तंबाखू? दारू? आणि मग त्याच आवाजात — गांजा?

तार तुटली.

"वहिनी, तुमी पोलिसात कधी लागल्या?"

"मी रागवायला आले नाही."

"तेच तं जास्त खराब हाय! रागावलं असतं तं मी बी रागावलो असतो." मग खाली बघून — "नाई. असलं काई नाई. जा तुमी, ऊन हाय."

आले निघून. 'नाही' म्हणायला त्याला फार वेळ लागला, एवढी नोंद करते.

१० मे, शनिवार

गच्चीवर पापड वाळत घालत होते. नरेंद्र वर आला, न बोलता दुसऱ्या टोकाकडून पापड मांडू लागला. अर्धी खाट भरली तेव्हा बोलला.

अकरा वर्षं. रोज. अलीकडे दिवसातून चार-पाच वेळा. "त्याच्याबिगर भूक लागत नाई, वहिनी. मळमळ बी त्यानंच थांबते. थांबे म्हणा आतालोक. आता वाढवला तरी थांबून नाई राह्यली. म्हणून आजून वाढवला."

म्हणजे आजार वाढला की तो औषध समजून तेच वाढवत होता!

सर्जनना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बाबांसमोर सांगावं लागलं असतं. बाबा प्रत्येक वेळी सोबत होते. "पोट फाडलं तं चालते मले," म्हणाला, "पण बाबापाशी हे जाऊ देऊ नका."

सोळा दिवस उरले आहेत.

११ मे, रविवार

आज त्याला सगळं समजावलं. वही घेऊन दुकानातच बसलो. उलटी नव्हती, दिवस बरा होता. इतकं सुंदर झालं की इथे पुन्हा लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्याच्याच धंद्यातून सुरुवात केली. मोटार इकडे, वावराचं शेवटचं टोक तिकडे. पाणी मोटारीकडून टोकाकडे जातं. टोकाला उभा असलेला माणूस पाणी पोचलं की मोटारीपाशी बसवलेल्या मोबाईल स्टार्टरला फोन लावतो — बंद कर, पुरे. पाणी एका दिशेने, 'पुरे' उलट्या दिशेने. बरोबर?

"बरोबर. ते स्टार्टर मीच बसवतो."

मेंदूतही असंच. एक चेतापेशी रसायन सोडते, पुढची पेशी ते घेते. संदेश पुढे जातो. पण तो जास्त झाला, तर घेणारी पेशी आपल्याच आवरणातल्या स्निग्ध पदार्थातून एक छोटा रेणू तिथल्या तिथे तयार करते. साठवून ठेवत नाही! गरज पडली की बनवायचा. तो रेणू उलटा प्रवास करून देणाऱ्या पेशीच्या टोकावर एका विशिष्ट ग्राहीवर जाऊन बसतो. ग्राही म्हणजे पेशीच्या अंगावरचं, ठरावीक रेणूलाच ओळखणारं प्रथिन — तुझा स्टार्टर जसा नोंदवलेल्या नंबरालाच ओळखतो. रेणू बसला की देणारी पेशी आवरतं घेते. आणि काम झालं की काही क्षणांत विकरं त्या रेणूचे तुकडे करतात. फोन लागला, मोटार थांबली, फोन कट. भूक, वेदना, भीती, आठवण, ओकारी, आतड्यांची हालचाल — इतक्या ठिकाणी हा एकच साधा संवाद चालू असतो.

त्यातल्या पहिल्या सापडलेल्या रेणूला शास्त्रज्ञांनी नाव देताना आपला 'आनंद' हा शब्द घेतला, हे सांगितलं तेव्हा नरेंद्र सरसावून बसला.

"म्हंजे माह्या अंगात घरचाच गांजा हाय?"

"उलटं! गांजा हा तुझ्या घरच्या मालाची नक्कल आहे. त्या झाडातलं रसायन योगायोगाने त्याच ग्राहीवर बसतं. पण नक्कल अडाणी आहे. जिथे पाणी जास्त झालं तिथूनच फोन करायचा, हे तिला कळत नाही. ती एकदम सगळ्या गावाच्या मोटारींना फोन लावते आणि तासन्‌तास कट करत नाही. शिवाय चरबीत मुरून राहते, आठवड्यांनी हळूहळू बाहेर येते."

"मंग पयले भूक कशी लागे?"

किती योग्य प्रश्न! पहिल्यांदा, थोड्या प्रमाणात, ओकारीच्या केंद्रातला गोंधळ ती नक्कल खरोखरच शांत करते, भूकही चाळवते. त्यात खोटं काही नाही. काही देशांत कर्करोगाच्या रुग्णांना उलट्यांसाठी त्यातल्याच रसायनाचं मोजून-मापून केलेलं औषध देतात. पण रोज, अकरा वर्षं? पेशी काय करील? मोटारवाल्याला दिवसभर नुसते खोटे फोन आले तर तो काय करील?

"सिम काढून फेकीन!"

अगदी तेच. पेशी ते ग्राही आवरणावरून आत ओढून घेते, काही मोडून टाकते. मग खरा फोनही लागत नाही. शरीराचा स्वतःचा 'पुरे' ऐकूच येत नाही. आतड्यांतही तेच ग्राही, तिथेही तोच बिघाड. यातलं प्रत्येक पाऊल सिद्ध झालेलं नाही, काही अंदाज आहेत, हेही मी सांगितलं. सांगायलाच हवं.

"आन् ते सिम परत येते काय?"

येतं! हीच तर सगळ्यात आनंदाची गोष्ट. नक्कल बंद केली की काही दिवसांतच पेशी ग्राही परत आवरणावर आणू लागते. मेंदूच्या तपासण्यांत चारेक आठवड्यांत पुष्कळसे ग्राही परत आलेले दिसले आहेत. पोट शांत व्हायला महिने लागतील.

त्याने वही आपल्याकडे ओढून आकृतीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "वहिनी, मले वाटे माह्यातच खोट हाय."

मी आकृतीखाली शीर्षक लिहायचं विसरले होते. ते लिहिलं — 'माणसाच्या चेतापेशी', कोणाच्याही.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारात गर्दी. पाचव्या शीलाला बाबांचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत. शेवटच्या रांगेत नरेंद्रचे ओठ बंद. खीर खाल्ली, मागच्या भिंतीशी जाऊन ओकला.

१४ मे, बुधवार

वाशीमला उजमाकडे. डॉ. उजमा — माझी विद्यार्थिनी, बेडकाच्या हृदयाची आकृती वर्गात सगळ्यांत स्वच्छ काढायची! तिने नरेंद्रला तपासलं, क्षार पाहायला रक्त घेतलं, माझी अंघोळींची नोंदवही वाचली आणि हसली. "मॅडम, तुम्ही अजून समास सोडूनच लिहिता."

मग गंभीर झाली. "असू शकतं. पण खात्री एकाच गोष्टीने — पूर्ण बंद करायचं आणि वाट पाहायची. खडा तर आहेच. तोही कारण असू शकतो. पोटात उजवीकडे जोरात दुखलं, ताप आला, डोळे पिवळे झाले तर एक तास थांबायचं नाही." आणि नरेंद्रकडे वळून — "सर्जनना फोन मी नाही करणार. मॅडमही नाही. तुम्ही कराल."

"आतापासून बंद केला," तो म्हणाला.

"आतापासून म्हणजे?"

खिशातून एक पुडी काढून त्याने तिच्या टेबलावर ठेवली. उजमा पटकन म्हणाली, "अहो, इथे काय ठेवता! मला जेलमध्ये घालता का?" आम्ही तिघंही इतके हसलो की बाहेरच्या बायका डोकावल्या. पुडी संडासात गेली.

१५ मे, गुरुवार

घरात वादळ. तारीख पुढे ढकलायची म्हटल्यावर बाबा ताटावरून उठले. "डॉक्टरनं तारीख देली. एवढ्या तपासण्या झाल्या. आन् तुमी म्हणता थांबा? काहून? कोणी सांगतं का मले काहून?"

माझ्या जिभेवर सगळं होतं — पेशी, ग्राही, आकृतीसुद्धा! पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता. एकोणीस वर्षांत प्रथमच उत्तर येत असून गप्प बसले.

सतीश नंतर अंगणात म्हणाला, "चुकलीस तं?" चुकले तर दिराच्या जिवाशी चुकले. मला ते माहीत आहे.

१६ मे, शुक्रवार

नरेंद्रने दुकानातून सर्जनना फोन केला. मी शेजारी उभी. तीन मिनिटं. सर्जन शांतपणे म्हणाले म्हणे, "हे मला पहिल्या दिवशी सांगायचं ना, दादा." खडा लहान आहे, दुखणं त्या जागी नाही, तर तीन महिने थांबून बघू. नंबर जवळ ठेवा.

फोन ठेवून नरेंद्र म्हणाला, "दादा म्हणाला तो मले!" आणि रडला.

१८ मे, रविवार

चौथा दिवस. झोप नाही. घाम. कारण नसताना चिडतो. तारेचं बंडल भिंतीवर फेकलं. त्याला सांगितलं — पेशींना अजून खऱ्या फोनची सवय झालेली नाही, सगळ्या मोटारी एकदम चालू आहेत.

"वहिनी, आज मोटारीचं नका सांगू. आज नुसतं बसा."

बसले. हे मला आधी कळायला हवं होतं.

१९ मे, सोमवार

आजचा प्रकार लिहितानाही हसू आवरत नाही — आणि चूक माझी, शंभर टक्के.

काल सासूबाईंनी विचारलं होतं, गरम पाण्यानं बरं वाटते ते काहून? मी खुलून सांगितलं. कातडीतल्या नसांवर एक वेगळा ग्राही असतो; त्रेचाळीस अंशांपुढची उष्णता त्याला जागं करते. गंमत अशी, की मिरचीतला तिखटपणाही नेमका त्याच ग्राहीवर बसतो, म्हणून तिखट खाल्लं की 'भाजलं' म्हणतो! शरीराचा तो आनंदाचा रेणूही तिथे थोडाफार पोचतो. तो ग्राही जागा झाला की ओकारीच्या केंद्राकडे जाणारा संदेश मंदावत असावा. म्हणून उजमाने मिरचीच्या अर्काचं सौम्य मलम पोटावर लावायला लिहून दिलं आहे. ते वाशीमात नाही, अकोल्याहून यायचं आहे.

तत्त्व सांगितलं. प्रमाण सांगितलं नाही.

दुपारी न्हाणीकडून नरेंद्रची अशी किंकाळी आली की शेजारची धुरपताबाई हातातला तवा घेऊनच धावत आली. सासूबाईंनी अकोल्याची वाट कशाला पाहायची म्हणून खलबत्त्यात लाल मिरच्या कुटल्या, तेलात कालवल्या आणि लेकाच्या पोटावर चांगला जाड थर दिला होता!

"मायवं! मायवं! पुसा कोणी तरी!"

"थांब ना जरा, लागू दे नसाले!" सासूबाई फडकं लपवत होत्या. "सुकेशनीनंच सांगतलं!"

साबण, पाणी, पुन्हा साबण. पोट टोमॅटोसारखं लाल. उजमा फोनवर आधी रागावली, मग तिलाही हसू फुटलं. "मॅडम, मलमात मिरचीचा अर्क हजार भागांत एक भागसुद्धा नसतो! थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, फोड आले तर घेऊन या."

फोड आले नाहीत. धुरपताबाई तवा हलवत म्हणाली, "भरीत झालं पोराचं. आता भाकर तेवढी टाका." नरेंद्र विव्हळता विव्हळता हसला. चार दिवसांत पहिल्यांदा. मळमळीचं नावही काढलं नाही — म्हणाला, तिला जागाच उरली नव्हती.

धड्यात प्रमाण नेहमी सांगावं. स्वतःसाठी नोंद.

२२ मे, गुरुवार

मलम आलं. नियमाप्रमाणे, वाटाण्याएवढं. दोनच अंघोळी.

२६ मे, सोमवार

आज शस्त्रक्रिया व्हायची होती. नरेंद्रने दीड भाकर आणि आंब्याचा रस घेतला. राहिला पोटात!

८ जून, रविवार

नरेंद्रला स्वप्नं पडतात म्हणे, रंगीत, लांबलचक. अकरा वर्षं पडत नव्हती. काल स्वप्नात त्याने तळ्याची मोटार गुंडाळली. "तळ्याले मोटार असते काय, वहिनी? पण काय बसवली होती तार!"

मेंदू झोपेतलं आपलं काम परत हातात घेतो आहे. मी हे सांगणार होते. त्याऐवजी विचारलं, मग चालू झाली का? "एका झटक्यात!" म्हणाला.

२१ जून, शनिवार

उलटी नाही. अंघोळ एक. थंड पाण्याची!

५ जुलै, शनिवार

कसं लिहू. परवा मेडशीला मित्राच्या हळदीत नरेंद्रने दोन झुरके घेतले. दोनच. सात आठवडे बरा होता, वाटलं आता काय होतं. काल पहाटेपासून उलट्या. आज दुपारी सासूबाईंनी पुन्हा चूल पेटवली.

प्रयोग म्हणून पाहिलं तर याहून स्वच्छ पुरावा नाही. पण मला असला पुरावा नको होता.

आणि शर्टाचा वास बाबांना आला. शर्ट खुंटीवरून काढला, स्वतः धुतला, वाळत घातला. संध्याकाळी विहारात गेले, पंचशील म्हणवून आले. जेवले नाहीत.

६ जुलै, रविवार

नरेंद्र सलाईनवर, उजमाकडे. "वहिनी, आता मले समजावू नका," म्हणाला. "आता मले समजलं."

९ जुलै, बुधवार

आज सकाळी बाबा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चश्मा पुसला.

"ते चित्र काढून देलं म्हणते तू नरेंद्रले. मले बी दाव. पयलेपासून."

दोन तास. मी कधीच इतकं सावकाश शिकवलं नव्हतं. ते शिपायाच्या नोकरीत असताना रात्रशाळेत दहावी झाले. विद्यार्थी असा की एक शब्द निसटू देत नाही. 'ग्राही' स्वतःच्या हाताने लिहून घेतला. उलटा जाणारा 'पुरे' त्यांना फार आवडला. "घेणारा म्हणते पुरे, देणारा ऐकते. चांगलं हाय हे."

"म्हणजे बाबा, हे त्याचं वाईट वळण एवढंच नाही. शरीर बदललं आहे. ते परत बदलतं."

मान हलवली. मग हळू आवाजात, "पयले पयले बरंच वाटते ना त्यानं? उलटी थांबते ना?"

"थांबते. म्हणूनच माणूस फसतो."

वही मिटून घेऊन गेले. रात्री नरेंद्रच्या ताटात स्वतः भात वाढला. त्याच्याशी बोलले नाहीत अजून. पण वाढला!

२४ ऑगस्ट, रविवार

वजन केलं — नऊ किलो परत! दुकानासमोर मोटारींची रांग. पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास सुरू आहे, रोज विहारात ग्रंथवाचन. नरेंद्र माईक लावून देतो, वायर नीट करतो आणि या वर्षी शेवटपर्यंत बसतो. सासूबाईंनी न्हाणीजवळची चूल मोडून तिथे गवती चहा लावला. सतीश माझ्याकडे न बघता म्हणाला, "डॉक्टर झाली असती तं बरं झालं असतं." मी ऐकू आलं नाही असं दाखवून आणखी एकदा म्हणायला लावलं.

६ सप्टेंबर, शनिवार

सर्जननी पुन्हा तपासलं. खडा तिथेच, शांत. "राहू दे त्याला. त्रास दिला तर बघू."

५ ऑक्टोबर, रविवार

मंगळवारी वर्षावासाची सांगता. बाबांनी मला बोलायला सांगितलं आहे. विषय त्यांनीच दिला — पाचवं शील आणि पेशी! विहारात, फळ्यासह! नरेंद्रचं नाव येणार नाही हे मी आधीच सांगितलं. तो म्हणाला, येऊ द्या, गावाले काय माहीत नाई काय. तीन महिने पूर्ण झाले त्याला.

अकरा आकृत्या तयार केल्या. रंगीत खडू आणले. वऱ्हाडीत बोलायचं की पुस्तकी, ते ठरेना. सासूबाई म्हणाल्या, "कशातबी बोल. फक्त मिरचीचं नको सांगू."

७ ऑक्टोबर, मंगळवार

मी बोललेच नाही.

चार शीलं झाली. पाचव्याला बाबा थांबले, माईक हातात घेऊन उभे राहिले. "नरेंद्र अकरावीत होता. कावीळ झालती. पोटात काईच ठरे ना. एकानं सांगतलं, गांजाचा पाला दुधातून दे, उलटी थांबते, भूक लागते. म्या देल्ला. म्या, या हातानं. पंधरा दिवस. पोरगं उठलं, मले लय आनंद झाला. अकरा वर्षं त्यानं माह्यं नाव घेतलं नाई. कोणापाशीच नाई." किती, कधी, कसा — मी सगळं क्रमाने विचारलं होतं. कोणी दिला, हे मला सुचलंच नाही. नरेंद्र रांगेतून उठला, बाबांच्या हातातला माईक घेतला आणि पाचवं शील त्याने म्हणवून घेतलं. आम्ही सगळे त्याच्यामागून म्हणालो, बाबाही. मग बायांच्या बाजूने सासूबाईंचा आवाज आला —

"झालं ना आता बापलेकाचं? चाला मंग, पंगत बसवा. पोरगं उपाशी हाय माह्यं!"